सामन्यांच्या वाटेवरची युद्धस्मारके : उत्तर फ्रान्सला जाणाऱ्या मराठी फुटबॉलप्रेमींचे नेहमीचे प्रश्न

२०१६ साली युरो स्पर्धा फ्रान्समध्ये झाली. तिचे दहा सामने लाँस आणि लील या दोन शेजारच्या शहरांत खेळले गेले, आणि ही दोन्ही शहरे पहिल्या महायुद्धाच्या पश्चिम आघाडीवर किंवा तिच्या अगदी लगत होती. ब्रिटनमध्ये राहणारे आम्ही काही मराठी फुटबॉलप्रेमी तेव्हा तिकडे गेलो, आणि दोन सामन्यांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत स्मारके पाहिली. त्यानंतर युरोपीय क्लबांच्या सामन्यांसाठी जाणारे अनेकजण आम्हाला तेच तेच प्रश्न विचारू लागले. त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

सामना पाहायला जाणाऱ्याने दफनभूमी पाहायला का जावे?

जायलाच हवे असे मुळीच नाही. मात्र लाँसला गेल्यावर हा विषय टाळणेच अवघड होते. हे कोळशाच्या खाणींचे गाव पहिल्या महायुद्धात जवळजवळ पूर्णपणे जमीनदोस्त झाले होते. आज आपण ज्या बोलार-दलेलीस मैदानात बसतो, ते १९३३ साली नव्याने उभ्या राहिलेल्या गावात सुरू झाले. त्याची आसनक्षमता सुमारे ३८ हजार आहे, म्हणजे गावच्या लोकसंख्येहूनही अधिक. गावाभोवती कोणत्याही दिशेला दहा-पंधरा किलोमीटर गेले की शेतांच्या मध्येच पांढऱ्या शिळांच्या रांगा दिसू लागतात. आपण गाडीने सत्तरच्या वेगाने ज्या अंतरातून निघून जातो, तेवढे अंतर जिंकायला त्या काळी महिने लागत होते.

२०१६ च्या स्पर्धेत तारखांनीही हा विषय समोर आणून ठेवला. १ जुलै २०१६ रोजी उत्तर फ्रान्समधील सोम नदीकाठच्या लढाईला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या लढाईच्या पहिल्याच दिवशी ब्रिटिश सैन्यातील १९,२४० जण मारले गेले होते, आणि जखमी व बेपत्ता धरून एकूण हानी ५७,४७० होती. शताब्दीच्या दिवशी दुपारी तिएपव्हाल येथे शासकीय समारंभ झाला आणि त्याच रात्री लीलच्या मैदानात वेल्सने उपांत्यपूर्व फेरीत बेल्जियमला ३-१ असे हरवले. वेल्सच्या ३८व्या डिव्हिजनने ज्या मामेत्झच्या जंगलात रक्त सांडले, तिथली शताब्दी ७ जुलैला होती, म्हणजे वेल्सच्या उपांत्य सामन्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या जंगलासमोर १९८७ साली उभारलेला, काटेरी तार फाडणारा लाल ड्रॅगन, म्हणजे वेल्सचे राष्ट्रीय चिन्ह आहे. जर्सीवरचे चिन्ह आणि स्मारकावरचे चिन्ह इतके एक झालेले मी अन्यत्र पाहिलेले नाही.

एकच ठिकाण पाहण्याइतका वेळ असेल तर कोणते पाहावे?

नव्ह-शापेल. वाचक कोणत्या संघाचा चाहता आहे याने या उत्तरात फरक पडत नाही, कारण भारतीय माणसासाठी पश्चिम आघाडीवरचे हेच मुख्य स्मारक आहे.

लाँसहून उत्तरेला ला बासेमार्गे एस्तेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, साधारण वीस किलोमीटरवर, ला बाँब नावाचा एक चौक आहे. त्या चौकालगत गोलाकार भिंतीने वेढलेले हे स्मारक आहे. नवी दिल्लीतील सचिवालयाच्या इमारती बांधणारे हर्बर्ट बेकर हेच याचे वास्तुरचनाकार. भिंतीचा काही भाग दगडी जाळीचा आहे आणि समोर सुमारे पंधरा मीटर उंचीचा स्तंभ आहे. अशोकस्तंभांची आठवण व्हावी अशीच त्याची घडण आहे. माथ्यावर कमळ, त्यावर ब्रिटिश राजमुकुट आणि पायथ्याशी दोन वाघ. ईश्वर एक आहे आणि विजय त्याचाच आहे, या अर्थाचे वचन इंग्रजी, अरबी, देवनागरी आणि गुरुमुखी अशा चार लिप्यांत कोरलेले आहे. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी या स्मारकाचे अनावरण झाले. ज्यांची कबर किंवा दहनस्थान ठाऊक नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांची आणि कामगारांची नावे भिंतीवर आहेत.

जागा याच गावाची का निवडली, हेही समजून घ्यावे. १० ते १३ मार्च १९१५ या काळात येथे झालेली चढाई ही खंदकयुद्ध सुरू झाल्यानंतर ब्रिटिश सैन्याने आखलेली पहिली मोठी चढाई होती, आणि चढाई करणाऱ्या फौजेचा जवळपास निम्मा भाग मेरठ व लाहोर या भारतीय डिव्हिजनांचा होता. पहिल्या दिवशी गाव हाती आले. पुढे संपर्काच्या तारा तुटल्या, आज्ञा वेळेवर पोचल्या नाहीत, तोफगोळे कमी पडले आणि आघाडी तिथेच अडकली. चार दिवसांत या दोन डिव्हिजनांच्या एकट्या भारतीय कोअरची हानी चार हजारांच्या वर गेली. गढवाल रायफल्सचे गबर सिंग नेगी यांना याच लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर मिळाले. त्यांचे नाव याच भिंतीवर आहे.

आम्ही गेलो तेव्हा तेथे दुसरे कोणीही नव्हते. शेजारच्या शेतात ट्रॅक्टर चालू होता, एवढाच आवाज. आदल्या दिवशी अडतीस हजारांच्या गलक्यात बसलेल्या कानांना त्या शांततेची सवय व्हायला थोडा वेळ लागला.

यात मराठी माणसाचा संबंध कितपत आहे? उगाच ओढूनताणून तर नाही ना?

हा प्रश्न रास्त आहे, कारण या विषयात अतिशयोक्ती भरपूर ऐकू येते. फ्रान्समधील प्रत्येक भारतीय स्मारकावर मराठा पलटणींची नावे असतील अशी अपेक्षा ठेवून गेल्यास निराशा होईल. त्या महायुद्धात मराठा पायदळाच्या पलटणी प्रामुख्याने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. १९१६ साली कुतच्या वेढ्यात सापडलेल्या फौजेत १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी होत्या.

फ्रान्समध्ये खरा दुवा आहे तो पुण्याजवळच्या खडकीचा. बॉम्बे सॅपर्स म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्यांचे त्या वेळचे अधिकृत नाव थर्ड सॅपर्स अँड मायनर्स असे होते. त्यांच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या लाहोर डिव्हिजनबरोबर फ्रान्सला गेल्या. या पलटणीत मराठा, शीख आणि मुसलमान जवान एकत्र असत. खंदक खणणे, पूल बांधणे, सुरुंग लावणे हे त्यांचे काम. पण २८ ऑक्टोबर १९१४ रोजी, म्हणजे वर सांगितलेल्या मोठ्या लढाईच्या साडेचार महिने आधी, माणसे कमी पडल्यामुळे या दोन्ही कंपन्यांना ४७ व्या शीख पलटणीसोबत पायदळासारखे नव्ह-शापेल गावावर धाडण्यात आले. ते गावात शिरले, घराघरांतून हातघाईची झुंज झाली आणि मदत न पोचल्याने मोठी हानी सोसून त्यांना मागे यावे लागले. पुणेकर वाचकाने भिंतीवर आधी सॅपर्स अँड मायनर्स हे शीर्षक शोधावे, असे मी आवर्जून सांगतो.

माझे पणजोबा महायुद्धावर गेले होते असे घरात सांगतात. त्यांचे नाव कुठे सापडेल?

शोध घरापासून, खरे तर गावापासून सुरू करावा. सातारा आणि रत्नागिरीसह महाराष्ट्रातील अनेक गावांत जुन्या चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक लहानशी दगडी पाटी असते. या गावातून इतकी माणसे महायुद्धावर गेली आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. नावे बहुधा नसतात. तरी पाटी असेल तर घरातल्या आठवणीला आधार मिळतो.

त्यानंतर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावरील यादीत शोधावे. येथे एक अडचण हमखास येते. शिपायाचे नाव ब्रिटिश कारकुनाने कानाला लागले तसे इंग्रजीत उतरवलेले असते. त्यामुळे आजच्या वर्तनीने शोधल्यास काहीच हाती लागत नाही आणि आडनाव तर बऱ्याचदा नोंदलेलेच नसते. नावाऐवजी पलटण, सेवाक्रमांक किंवा मृत्यूचे वर्ष यांवरून शोध लवकर लागतो. नोंदीत कधी वडिलांचे नाव आणि गाव, तालुका किंवा जिल्हा दिलेला असतो, त्याने खात्री पटते. घरात पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली पाहावी. ब्रिटिश पदकांच्या कडेवर क्रमांक, नाव आणि पलटण कोरण्याची पद्धत होती.

मृत्यू मेसोपोटेमियात झाला असेल तर त्या यादीतली नोंद बसरा स्मारकाखाली असण्याचा संभव सर्वाधिक, मात्र साध्या भारतीय शिपायांची नावे त्या भिंतींवर कोरलेली नाहीत. ते स्मारक इराकमध्ये आहे आणि तेथे चाळीस हजारांहून अधिक जणांचे स्मरण केलेले आहे. हिंदू सैनिकांचे दहन होत असल्याने त्यांची कबर नसणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे. फ्रान्समधील काही दफनभूमींत मात्र हिंदू सैनिकांच्या नावाच्या शिळा आहेत, आणि त्यांवर देवनागरीत ‘ॐ भगवते नमः’ असे कोरलेले दिसते. अनोळखी मुलुखात, ओळीने लावलेल्या क्रुसांच्या मध्ये ती अक्षरे अचानक समोर आली की पाय थबकतात.

ते ब्रिटिशांचे युद्ध होते. ब्रिटिशांसाठी लढलेल्यांपुढे आपण का नतमस्तक व्हावे?

हा प्रश्न आमच्यातल्याच एका मित्राने गाडीत विचारला होता आणि त्यावर ला बासे येईपर्यंत वाद चालला. माझे मत असे : स्मारक बांधणाऱ्या साम्राज्याला वंदन करणे आणि भिंतीवरचे नाव वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महिना अकरा रुपये पगारावर गेलेल्या शिपायाने युद्धाचे कारण ठरवलेले नव्हते. फ्रान्स आणि फ्लँडर्समध्ये सुमारे १,३०,००० भारतीय सैनिकांनी सेवा केली आणि त्यांपैकी जवळपास ९,००० मरण पावले. त्यांची घरी पाठवलेली पत्रे सेन्सॉर वाचत असे आणि त्यांच्या उताऱ्यांचे अहवाल तयार करत असे. त्या अहवालांमुळेच थंडी, चिखल, घरची शेती आणि परतीची ओढ यांविषयी ही माणसे काय लिहीत होती ते आज कळते.

राजकीय बाजूही सरळ नव्हती. लोकमान्य टिळकांनी सैन्यभरतीला विरोध केला नाही, पण तिला स्वराज्याच्या मागणीशी जोडले. जून १९१८ मध्ये मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांनी बोलावलेल्या युद्धपरिषदेत हाच मुद्दा काढताच त्यांना थांबवण्यात आले, तेव्हा ते सभेतून उठून गेले. ज्याला हात जोडायचे नसतील त्याने जोडू नयेत. मूकपणे उभे राहून नावे वाचली तरी पुरे. त्या मित्रानेही शेवटी तेच केले.

संघाची जर्सी किंवा मफलर घालून गेले तर चालते का?

चालते. स्वच्छ जर्सीला कोणी आक्षेप घेत नाही. बेल्जियममधल्या ईप्र गावच्या मेनिन गेट या स्मारक-कमानीखाली क्लबांच्या रंगांतील पुष्पचक्रे नेहमी दिसतात. अडचण कपड्यांची नसते, वागण्याची असते. स्मारकाच्या पायऱ्यांवर बिअरचे डबे उघडणे, समाधिशिळेवर झेंडा पसरून गटाचे छायाचित्र काढणे, स्तंभावर चढणे आणि गाणी म्हणणे या चार गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. आदल्या दिवशी हरलेल्या संघाचे चाहते तेथेच भेटले तर डिवचाडिवची बाहेरच्या वाहनतळापर्यंत तहकूब ठेवावी.

२०१६ साली याला वेगळी पार्श्वभूमी होती. मार्सेयमध्ये इंग्लंड-रशिया सामन्याच्या सुमारास दंगल झाली होती, त्यामुळे १६ जूनच्या इंग्लंड-वेल्स सामन्यासाठी लाँसमध्ये बंदोबस्त कडक होता आणि दारूविक्रीवर निर्बंध होते. जर्सी दिसली की स्थानिक माणसे थोडी सावध होत. दफनभूमीच्या फाटकापाशी भेटलेल्या एका वृद्ध फ्रेंच गृहस्थांनी आधी आमच्याकडे संशयानेच पाहिले. आम्ही कोणाचे नाव शोधत आहोत हे कळल्यावर त्यांनी स्वतःहून नोंदवहीची पेटी उघडून दिली.

नारळ फोडणे, उदबत्ती लावणे, हळदकुंकू वाहणे योग्य आहे का?

भाव समजतो, पण नाही. पांढऱ्या दगडावर हळद, कुंकू आणि तेल यांचे डाग बसतात आणि ते निघत नाहीत. नारळाचे पाणी व करवंट्या मागे राहतात आणि उघडी ज्योत तर गवताजवळ नकोच. शिवाय नव्ह-शापेलच्या भिंतीवर हिंदू, मुसलमान, शीख आणि इतर धर्मीयांची नावे शेजारीशेजारी आहेत, त्यामुळे एकाच पद्धतीची पूजा तेथे शोभत नाही. फुले ठेवावीत, प्लास्टिकचे वेष्टन काढून ठेवावीत. पादत्राणे काढण्याचा नियम नाही, पण कोणी काढली तर कोणी हसतही नाही.

युद्धात पडलेल्यांच्या स्मरणासाठी ब्रिटिश लोक लाल पॉपीच्या फुलाची खूण वापरतात, तर फ्रेंचांची खूण निळे ब्लए फूल ही आहे. फ्रान्समध्ये स्थानिक समारंभाला जाणार असाल तर हा फरक लक्षात असावा.

१९१४ च्या नाताळात दोन्हीकडच्या सैनिकांनी फुटबॉल सामना खेळला, हे खरे की दंतकथा?

अर्धे-अर्धे. त्या नाताळात आघाडीच्या अनेक भागांत अनौपचारिक युद्धबंदी झाली, सैनिक खंदकांबाहेर आले, त्यांनी मृतांचे दफन केले, सिगारेटी आणि बटणे यांची देवाणघेवाण केली, हे पत्रांवरून आणि पलटणींच्या नोंदींवरून निर्विवाद आहे. फुटबॉलचे उल्लेखही त्या पत्रांत आहेत. पण त्यांतले बरेच ऐकीव आहेत आणि काही ठिकाणी खेळायचे ठरले तरी ते झाले नाही. जे झाले ते बहुतेक ठिकाणी गोठलेल्या शेतात पाच-पंचवीस जणांनी चेंडू लाथाडण्याइतकेच होते. जर्मनांनी ३-२ असा विजय मिळवल्याची कथा वारंवार सांगितली जाते, पण पंच, वेळ आणि रेघा असलेला सामना डोळ्यांपुढे आणणे चूक ठरेल.

आपल्याकडे क्वचितच सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे गढवाल रायफल्सचे भारतीय सैनिकही त्या युद्धबंदीत सहभागी होते. तेथे चेंडू होता असे कोणी म्हणत नाही.

बेल्जियमच्या सीमेवर प्लुगस्टीर्टजवळ युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने ११ डिसेंबर २०१४ रोजी या युद्धबंदीचे स्मारक उभारले. चाहते तेथे चेंडू आणि मफलर ठेवून जातात. पावसाने फुगलेले, हवा गेलेले, रंग उडालेले ते चेंडू पाहून काहींना भरून येते, काहींना तो कचरा वाटतो. मला दोन्ही वाटले.

याहून कठोर गोष्ट लाँसच्या वेशीवरच्या लोस या गावची आहे. २५ सप्टेंबर १९१५ रोजी लंडन आयरिश रायफल्सचे सैनिक जर्मन खंदकांकडे चाल करताना पुढे चेंडू लाथाडत गेले. तो चेंडू नंतर काटेरी तारेत अडकलेला सापडला आणि पलटणीच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे. १ जुलै १९१६ रोजी सोमवर ईस्ट सरे पलटणीच्या कॅप्टन नेव्हिल यांनीही आपल्या माणसांना असेच चेंडू दिले होते. ते स्वतः त्याच सकाळी मारले गेले. खेळाडूपणाचे उदाहरण म्हणून ही गोष्ट त्या काळी वर्तमानपत्रांनी गौरवली. आज वाचताना मला ती तशी वाटत नाही. घाबरलेल्या पोरांचे पाय पुढे पडावेत म्हणून एका अधिकाऱ्याने शोधलेली ती युक्ती होती.

व्यावसायिक फुटबॉलपटूंची स्मारके आहेत का?

आहेत आणि पाहण्यासारखी आहेत. १५ डिसेंबर १९१४ रोजी लंडनच्या फुलम टाउन हॉलमध्ये मिडलसेक्स रेजिमेंटची १७वी, म्हणजे फुटबॉलपटूंची पलटण स्थापन झाली. तिचे स्मारक सोमवर लाँगव्हाल येथे २०१० पासून आहे. एडिंबरोच्या हार्ट्स क्लबचे खेळाडू ज्या पलटणीत एकत्र भरती झाले, तिच्या स्मृतीचा दगडी मनोरा काँतालमेझाँ येथे २००४ साली उभा राहिला. त्याच गावाजवळ ब्रॅडफर्ड पार्क ॲव्हेन्यूकडून खेळलेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे डोनाल्ड बेल १० जुलै १९१६ रोजी पडले.

माझ्या मते सर्वांत आधी वॉल्टर टल यांचे नाव शोधावे. टॉटनहॅम आणि नॉर्दॅम्प्टनकडून खेळलेले हे कृष्णवर्णीय खेळाडू. मैदानात त्यांना वर्णावरून शिव्या ऐकाव्या लागल्या. वर्णामुळे अधिकारीपद मिळणे जवळजवळ अशक्य असलेल्या सैन्यात ते १९१७ साली अधिकारी झाले आणि २५ मार्च १९१८ रोजी मारले गेले. देह सापडला नाही. आरासच्या स्मारकावरील जवळपास पस्तीस हजार बेपत्तांमध्ये त्यांचे नाव आहे, आणि आरास लाँसहून गाडीने अर्ध्या तासाच्या आत येते.

दोन सामन्यांच्या मध्ये एकच दिवस आहे. कार्यक्रम कसा आखावा?

तीनपेक्षा अधिक ठिकाणे ठेवू नयेत. पाच-सहा ठिकाणांची यादी करून धावणाऱ्यांना संध्याकाळी कोणते कुठले होते तेही सांगता येत नाही.

सकाळी व्हिमीला जावे. एप्रिल १९१७ मध्ये कॅनडाच्या चारही डिव्हिजनांनी एकत्र लढून जिंकलेली ही टेकडी लाँसहून दहा किलोमीटरवर आहे. स्मारकावर फ्रान्समध्ये मरण पावलेल्या आणि कबर नसलेल्या ११,२८५ कॅनेडियन सैनिकांची नावे आहेत. टेकडीवरून लाँस आणि खाणींच्या मातीचे काळे डोंगर दिसतात. या टेकडीसाठी एवढे रक्त का सांडले, ते तेथे उभे राहिल्यावर नकाशाशिवाय कळते. आसपासच्या खड्ड्याखड्ड्यांच्या कुरणात मेंढ्या चरताना दिसतील. जमिनीत न फुटलेले गोळे असल्याने गवत कापण्याचे काम मेंढ्यांवर सोपवले आहे.

दुपारी नोत्र-दाम-द-लोरेत. फ्रान्सची ही सर्वांत मोठी लष्करी दफनभूमी असून तेथे चाळीस हजारांच्या आसपास सैनिक आहेत आणि त्यांतले जवळपास निम्मे अनामिक. तिच्या समोरच ११ नोव्हेंबर २०१४ रोजी खुले झालेले स्मृतिवलय आहे. या प्रदेशात मेलेल्या ५,७९,६०६ सैनिकांची नावे त्यावर केवळ वर्णानुक्रमाने दिली आहेत. हुद्दा नाही, देश नाही, मित्र-शत्रू हा भेद नाही. ‘सिंग’ हे नाव जिथे सुरू होते तिथे जाऊन ते किती लांब चालते ते पाहावे. शेवटी, उन्हे उतरताना, नव्ह-शापेल.

जेवणाची वेळ सांभाळावी. या भागातल्या लहान गावांत दुपारी बारा ते दोनच्या बाहेर गरम जेवण मिळणे कठीण असते.

गाडी नसेल तर?

लाँस, आरास आणि लील ही शहरे रेल्वेने जोडलेली आहेत, पण स्मारके रानात आहेत. चार-पाच जणांनी मिळून दिवसभरासाठी गाडी भाड्याने घेणे सर्वांत सोयीचे.

ईप्रला जाता येईल का? व्हिसाचे काय?

लीलहून ईप्र सुमारे तीस किलोमीटर आहे. मेनिन गेटखाली रोज रात्री आठ वाजता बिगुलावर लास्ट पोस्ट ही मृत सैनिकांना मानवंदना देणारी धून वाजवली जाते. ही प्रथा १९२८ पासून आहे आणि दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ताब्याचा काळ वगळता चालू राहिली आहे. तेथे टाळ्या वाजवत नाहीत. गटाला पुष्पचक्र वाहायचे असेल तर आयोजकांना आधी कळवावे लागते. गेटलगतच्या तटबंदीवर भारतीय सैन्याचेही एक स्मारक आहे. गर्दी पांगल्यावर तेथे जावे. लीलला रात्रीचा सामना असेल त्या दिवशी हा बेत करू नये, दोन्ही गोष्टी हातच्या जातात.

ईप्र बेल्जियममध्ये असले तरी फ्रान्स-बेल्जियम सीमेवर नेहमी तपासणी नसते. भारतीय पारपत्रावर ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना मात्र शेंगेन व्हिसा लागतोच. ब्रिटनचा रहिवासी परवाना त्याऐवजी चालत नाही. स्पर्धेच्या आधी व्हिसाच्या मुलाखतीच्या वेळा भरून जातात, त्यामुळे तिकीट हाती येण्याची वाट पाहत बसू नये.

शेतात गंजलेला गोळा किंवा गोळीचे टोपण सापडले तर आठवण म्हणून आणावे का?

हात लावू नये. दर वर्षी नांगरणीत जिवंत गोळे वर येतात, काहींत विषारी वायू असतो, आणि शेतकरी ते बांधावर काढून ठेवतात व पथक येऊन घेऊन जाते. बांधावर ठेवलेला गोळा निकामी केलेला असतो हा समज जीवघेणा आहे. विमानतळावर किंवा चॅनल टनेलच्या तपासणीत असा ऐवज सापडल्यास होणारा त्रास वेगळाच.

जर्मन दफनभूमी पाहावी का?

अवश्य. नव्हील-सँ-व्हास्त येथे ४४,८३३ जर्मन सैनिक आहेत. काळे धातूचे क्रूस आणि मध्ये मध्ये ज्यू सैनिकांच्या शिळा. बहुतेक क्रुसांखाली एकाहून अधिक जण आहेत. फुले तेथे फारशी दिसत नाहीत.

पोर्तुगालच्या चाहत्यांबरोबर प्रवास करणाऱ्यांसाठी एक माहिती : नव्ह-शापेलच्या भारतीय स्मारकाजवळच रस्त्यापलीकडे पोर्तुगीज दफनभूमी असून तेथे १,८३१ कबरी आहेत. २५ जून २०१६ रोजी पोर्तुगालने क्रोएशियाला लाँसमध्येच हरवले आणि पुढे करंडक जिंकला. गोव्यातून आलेल्या आमच्या एका सोबत्याने दोन्ही ठिकाणी सारखीच फुले ठेवली.

मुलांना न्यावे का?

दहा वर्षांपुढच्या मुलांना न्यावे. व्हिमीचे खंदक आणि भुयारे त्यांना आवडतात. नावांच्या भिंतीपाशी त्यांना एखादे विशिष्ट नाव शोधायला द्यावे, नाहीतर ती पंधरा मिनिटांत कंटाळतात आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

फ्रान्सला जाणे शक्य नाही. महाराष्ट्रात असे काही पाहता येईल का?

पुण्यात खडकीची युद्ध दफनभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ सैनिकांच्या समाध्या तेथे आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मरण पावलेल्या आणि निरनिराळ्या छावण्यांत पुरलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांच्या नावांचे स्मारकही तेथेच आहे. शिळांचा आकार, गवताची कड, प्रवेशाजवळच्या कोनाड्यातली नोंदवही, सगळे फ्रान्समधल्यासारखेच, कारण देखभाल त्याच राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडे आहे. बाजू उलट्या आहेत एवढेच : तेथे आपली माणसे परक्या मातीत आणि येथे यॉर्कशायरची, ग्लासगोची पोरे खडकीत. रविवारी सकाळी गेल्यास बहुधा माळ्याखेरीज कोणी भेटत नाही.